रमीत पाने वाईट आली तर: लगेच ड्रॉप, मिडल ड्रॉप की पुढे खेळणे?

आमचा सहा जणांचा गट ठाणे, ऐरोली आणि नेरूळ असा विखुरलेला असल्यामुळे एके काळी गणपतीच्या जागरणाला रंगणारी रमी आम्ही आता वर्षभर मोबाइलवर खेळतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने बंदी आली असल्याने आमच्या टेबलावर केवळ गुण असतात. गटात नव्याने आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: तेरा पाने वाईट आली तर डाव पहिल्याच खेळीला सोडावा, दोन-चार फेऱ्या पाहून सोडावा, की शेवटपर्यंत खेळावा?

पॉइंट्स रमीत, म्हणजे प्रत्येक डावाचा हिशेब तिथेच संपतो त्या प्रकारात, पहिल्या खेळीआधी ड्रॉप केल्यास, म्हणजे डाव सोडल्यास, २० गुण जातात, एकदा पान उचलून टाकल्यानंतर ड्रॉप (मिडल ड्रॉप) केल्यास ४०, आणि हरल्यास हातातल्या गुणांप्रमाणे ८० पर्यंत. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे जोकरशिवाय एकाच रंगाची किमान तीन सलग पाने, लागलेला नसेल तर सगळी पाने मोजली जातात, आणि एक्का, राजा, राणी व गुलाम यांचे प्रत्येकी १० गुण धरले जात असल्याने ८० चा आकडा वाटतो तितका दूर नसतो.

समजा, दोघांच्या डावात जिंकल्यावर सरासरी ३० गुण मिळतात आणि हरल्यावर सरासरी ५० जातात. तसे असेल तर ड्रॉपच्या २० गुणांपेक्षा खेळणे फायद्याचे ठरण्यासाठी आठपैकी तीनांहून अधिक डाव जिंकावे लागतील. दोघांत हे अवघड नाही, म्हणून तिथे मध्यम पानांवरही खेळावे असे माझे मत आहे. सहा जणांत जिंकणाऱ्याला पाचही जणांकडून गुण मिळतात हे खरे, परंतु त्यातले काही जण ड्रॉप करून २० वरच सुटतात आणि कोणाचा तरी डाव लवकर लागण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तिथे कच्च्या पानांवर ड्रॉपच अधिक योग्य ठरतो. आमच्या घरांत ड्रॉप म्हणजे पळपुटेपणा समजला जातो, आणि ही समजूत खेळाडूचे फार नुकसान करते.

पाने वाईट आहेत हे ओळखायचे कसे, यात खरी मेख आहे. केवळ चित्रांची पाने मोजून भागत नाही. प्युअर सिक्वेन्स किती जवळ आहे ते पाहावे लागते, कारण जोकर तिथे उपयोगी पडत नाही. बदामची पंजी आणि छक्की हातात असेल तर चौकी किंवा सत्ती चालते, म्हणजे दोन कॅटमध्ये मिळून चार पाने कामाची असतात. पंजी आणि सत्ती असेल तर मात्र केवळ छक्की, म्हणजे दोनच पाने. पहिल्या प्रकारच्या दोन जोड्या आणि वर एखादा जोकर असेल, तर प्युअर सिक्वेन्स तयार नसतानाही मी खेळतो. जोकर नाही, जोड्या दुसऱ्या प्रकारच्या आणि वेगवेगळ्या रंगांची चार-पाच चित्रे असतील तर क्षणभरही न थांबता ड्रॉप करतो.

मिडल ड्रॉपच्या बाजूने मला फारसे काही सांगता येत नाही. ‘बघू तर एक पान’ म्हणून उचललेल्या त्या एका पानाची किंमत २० गुण असते, आणि प्युअर सिक्वेन्स लागून चित्रे टाकून झाली असतील तर हरल्यावरही अनेकदा ४० पेक्षा कमीच जातात. पाच-सहा फेऱ्यांनंतरही प्युअर सिक्वेन्सचा पत्ता नाही आणि समोरचा खाली टाकलेली पाने सारखी उचलतो आहे, अशा वेळीच तो करावा.

१०१ च्या पूलमध्ये, म्हणजे गेलेले गुण डावागणिक साठत जाऊन १०१ झाले की खेळाडू बाद होतो त्या प्रकारात, हिशेब बदलतो. तिथे पाच वेळा ड्रॉप करूनही १०० वर टिकता येते, म्हणून सुरुवातीला सढळ हाताने ड्रॉप करता येतो. ८१ गुण झाल्यावर मात्र ड्रॉप म्हणजेच बाद होणे, तेव्हा कितीही वाईट पाने आली तरी खेळावेच लागते. आणि तिथे जिंकण्याच्या मागे न लागता आधी एक प्युअर सिक्वेन्स लावावा आणि चित्रे टाकत जावीत, कारण हरूनही १९ गुणांच्या आत राहिलो तरच पुढचा डाव हाती येतो.