तांब्याच्या पाइपची सफाई: ड्रिलचा ब्रश की हातचा?

सोल्डर (वितळवून सांधा जोडणारा धातू) फक्त स्वच्छ, चकचकीत तांब्यालाच धरतो. त्यामुळे पाइपचं टोक बाहेरून आणि फिटिंग (पाइप ज्यात बसतो तो जोडतुकडा) आतून, दोन्ही घासावीच लागतात.

वेगात ड्रिलला लावायचा तारांचा ब्रश सरळ पुढे आहे. एका बैठकीत चाळीस-पन्नास सांधे करताना बोटं आणि मनगट वाचतं. दोन-चार सांध्यांना मात्र ब्रश लावण्या-काढण्यातच वेळ जातो. १५ आणि २२ मिमीला वेगवेगळे ब्रश लागतात. हाताने घासायची एमरी पेपरची (घासकागदाची) पट्टी सगळ्या मापांना चालते आणि स्वस्तही पडते.

खरा फरक नियंत्रणाचा. पाइप आणि फिटिंगमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते, त्या बारीक फटीतूनच सोल्डर आत ओढला जातो. ड्रिल जास्त वेगाने फिरवत एकाच जागी रेंगाळलात तर तांबं झिजतं, फट रुंदावते, सांधा गळतो. म्हणून वेग कमी, दोन-तीन सेकंद पुरे. ड्रिल उलटं फिरवू नका, तारा मोडून आत राहतात. एसीच्या पाइपला तर हा कचरा फारच घातक. तोंड खाली धरूनच घासा.

घासल्यावर बोट लावू नका, लगेच फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) लावा.

नव्या इमारतीच्या लाइनला ड्रिल घ्या. घरची दुरुस्ती, अडचणीची जागा किंवा पातळ पाइप असेल तर हातानेच घासा.