किचनवालं डाउनटाउन हॉटेल: कुणी कोणतं घ्यावं?

चार-पाच जणांचं कुटुंब अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरात आठवडाभर राहायला निघालं की बुकिंगच्या साइटवर ‘किचन’ या चौकोनात टिक करून शोध सुरू होतो. समोर येणारी यादी मात्र नुसती खिचडी असते. खरोखर स्वयंपाक करता येईल अशी हॉटेलं, फक्त फ्रिज-मायक्रोवेव्ह असलेली हॉटेलं आणि कुणाचे तरी भाड्याने दिलेले फ्लॅट, सगळे एकाच रांगेत. फोटोही सगळ्यांचे सारखेच: चकचकीत ओटा, त्यावर दोन लिंबं.

माझं मत आधीच सांगतो. लहान मुलं बरोबर असतील तर आधी दार बघा, शेगडी नंतर. दार म्हणजे झोपायची खोली आणि बाहेरची खोली यांच्यामधलं, बंद होणारं दार. मूल साडेआठला झोपतं. मोठ्यांचा दिवस अकरापर्यंत चालतो. मध्ये भिंत नसेल तर ते अडीच तास अंधारात, फोनचा उजेड झाकत काढावे लागतात. उत्तम किचन असलेल्या एकाच मोठ्या खोलीत हे रोज होतं. उलट शेगडी नसली तर फार तर जेवण विकत आणावं लागतं.

आणि इथेच ‘ऑल-सुईट’ (म्हणजे सगळ्या खोल्या सुईट, झोपायची आणि बसायची जागा वेगळी) या पाटीवर विसंबून चालत नाही. या पाटीखाली अर्धी भिंत किंवा नुसतं पुस्तकांचं कपाट मध्ये ठेवलेली एकच खोलीही खपते. खोलीच्या नावात ‘स्टुडिओ’ असेल तर दार नाही, ‘वन बेडरूम’ असेल तर बहुधा आहे, असं धरून चाला.

खरं किचन असलेली: रेसिडेन्स इन, होमवुड सुईट्स, स्टेब्रिज, एलिमेंट, हयात हाउस

हा प्रकार मुळात पर्यटकांसाठी जन्मलाच नव्हता. रेसिडेन्स इनची सुरुवात १९७५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात झाली. आठवडे-महिने मुक्काम करणाऱ्या लोकांसाठी अपार्टमेंटसारख्या बैठ्या, दुमजली इमारती, खोलीत पूर्ण स्वयंपाकघर, बाहेर गाडी लावायला मोकळी जागा. १९८७ मध्ये मॅरियटने ही साखळी विकत घेतली, इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापले ब्रँड काढले आणि मग हे सगळे शहराच्या मध्यात उंच इमारतींत शिरले. नाव तेच राहिलं, पण मध्यवर्ती भागात जागा महाग, त्यामुळे खोल्यांचा आकार बदलला. उपनगरातल्या हॉटेलात दोन बेडरूमचे सुईट सहज मिळतात. त्याच ब्रँडच्या डाउनटाउनमधल्या हॉटेलात बहुतेक खोल्या स्टुडिओ असतात, एक बेडरूमवाले सुईट मोजके आणि दोन बेडरूमवाले असले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ६८ मजल्यांच्या एका इमारतीत खाली कोर्टयार्ड (मॅरियटचाच दुसरा ब्रँड) आणि वर रेसिडेन्स इन अशी दोन हॉटेलं आहेत. अशा जोड-इमारती आता अनेक शहरांत आहेत. तिथे बुकिंग करताना आपण नक्की कोणत्या हॉटेलची खोली घेतोय हे पाहावं लागतं, कारण पत्ता एकच, पण किचन एकाकडेच.

या गटात एकमेकांत फरक आहेत, पण जाहिराती दाखवतात तितके मोठे नाहीत. साधारणपणे पूर्ण उंचीचा फ्रिज, दोन किंवा चार चुलींची विजेवर चालणारी शेगडी, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि चार जणांपुरती भांडी मिळतात. हयात हाउसमध्ये जरा डोळे उघडे ठेवा: तिथे ‘डेन’ नावाची खोली असते आणि तिच्यात किचन नसतं. स्वस्त दिसते म्हणून लोक तीच घेतात. हिल्टनच्या होम२ सुईट्समध्ये बहुतेक ठिकाणी सिंक, मोठा फ्रिज, मायक्रोवेव्ह असतं पण शेगडी बसवलेली नसते. सुटी इंडक्शन शेगडी असली तर मागून घ्यावी लागते. स्टेब्रिज आणि याच प्रकारातलं कँडलवूड यांच्याकडे पाहुण्यांना कपडे धुण्याची मशीन फुकट वापरता येतात. दोन लहान मुलांच्या आईबापांना हे वाचूनच निर्णय झाल्यासारखं वाटेल, आणि त्यात चूक काही नाही.

सकाळचा नाश्ता या गटात बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतो. शनिवारी साडेआठ ते साडेनऊ खाली टेबल मिळत नाही, लिफ्टही प्रत्येक मजल्यावर थांबते. सातला उतरा, नाहीतर ताटल्या भरून वर घेऊन या. आपल्या खोलीत जेवायचं टेबल आहे, ते त्यासाठीच.

दोन खोल्यांचा सुईट, पण शेगडी नाही: एम्बसी सुईट्स

१९८० च्या दशकात सुरू झालेल्या या साखळीने पहिल्यापासून दोन गोष्टी धरून ठेवल्या: मध्ये दार असलेला दोन खोल्यांचा सुईट आणि समोर ऑर्डर देऊन करून मिळणारा गरम नाश्ता. अलीकडच्या काही हॉटेलांत स्टुडिओसारख्या खोल्याही आल्या आहेत, त्यामुळे इथेही खोलीचं नाव वाचावंच लागतं. बाहेरच्या खोलीत ओढून उघडायचा सोफा-बेड, लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. संध्याकाळी पेयं आणि थोडं खाणं देण्याची प्रथा आहे, तिचं स्वरूप हॉटेलागणिक वेगळं, आणि मुलांना त्यात फारसं काही नसतं.

दोन-तीन रात्रींसाठी मी डोळे झाकून हा प्रकार घेईन. तीन रात्रींत प्रत्यक्ष स्वयंपाक एकदाच होतो, कधी कधी एकदाही नाही. न वापरलेल्या शेगडीचं भाडं भरण्यापेक्षा वापरातल्या दाराचं भरलेलं बरं.

लहान फ्रिजबद्दल मात्र एक इशारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेनुसार दूध, मांस, शिजवलेलं अन्न ४ अंश सेल्सिअस (४० फॅरेनहाइट) किंवा त्याखाली ठेवायचं असतं. हॉटेलातले काही छोटे फ्रिज पाण्याच्या बाटल्या गार करण्यापुरतेच असतात आणि तिथवर पोचत नाहीत. बाळाचं दूध किंवा थंड ठेवायचं औषध बरोबर असेल तर एक साधा थर्मामीटर बॅगेत टाका, किंवा मोठा फ्रिज असलेलंच हॉटेल घ्या.

भाड्याचा फ्लॅट

जागेच्या हिशेबात याला तोड नाही. खरं स्वयंपाकघर, ओव्हन, कपड्यांचं मशीन, वेगळ्या खोल्या. पाच-सहा जण असाल, आजी-आजोबा बरोबर असतील, तर इतर कशापेक्षाही हाच सोयीचा. अडचण घराची नाही, घरामागच्या व्यवस्थेची असते.

न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘लोकल लॉ १८’ नुसार ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देणाऱ्याला नोंदणी करावी लागते, त्या काळात स्वतः त्याच घरात राहावं लागतं आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला तिथे आठवड्यासाठी अख्खा फ्लॅट, हॉटेलचा परवाना नसलेल्या साध्या इमारतीत, मिळतोय असं कुणी सांगितलं तर तो व्यवहार सरळ नाही. दुसरी गोष्ट कंपन्यांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लॅटवजा खोल्या चालवणाऱ्या सोंडर कंपनीशी असलेला करार मॅरियटने संपवला, कंपनीने लगेच गाशा गुंडाळला आणि मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना बॅगा भरून बाहेर पडावं लागलं. हॉटेलात खोली बिघडली तर खाली काउंटरवर माणूस असतो आणि शेजारची खोली असते. फ्लॅटमध्ये गरम पाणी गेलं तर तुम्ही आणि एक चॅटची खिडकी.

जोडून घेतलेल्या दोन साध्या खोल्या

हा पर्याय किचनच्या शोधात निघालेले लोक विचारातच घेत नाहीत, आणि पुष्कळदा हाच हिशेबात बसतो. दोन स्नानगृहं मिळतात. एका बेडरूमच्या सुईटमध्ये स्नानगृह एकच, आणि काही ठिकाणी त्याला जायचा रस्ता बेडरूममधून. रात्री सोफ्यावर झोपलेल्या आजोबांना प्रत्येक वेळी झोपलेल्या मुलांवरून जावं लागतं. ही गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही.

पण खोल्या ‘शेजारच्या’ आणि ‘मध्ये दार असलेल्या’ यात फरक आहे. शेजारच्या म्हणजे फक्त एका कॉरिडॉरमधल्या. मधलं दार बुकिंगच्या वेळीच पक्कं व्हायला हवं, ‘विनंती नोंदवली आहे’ याला अर्थ नाही. हिल्टनने २०२१ मध्ये अशा खोल्या साइटवरच पक्क्या करून देण्याची सोय आणली. शिजवणं मात्र विसरा. साध्या खोलीत स्वतःची शेगडी लावायला हॉटेलं सहसा मनाई करतात.

किचन घ्यायचंच ठरलं तर

चार किंवा जास्त रात्री, घरात तान्हं बाळ, किंवा कुणाला ॲलर्जी वा कडक पथ्य असेल तर किचनचे पैसे वसूल होतात, यात शंका नाही. पण तिथे काय शिजवता येतं याच्या मर्यादा आहेत. शेगडीवरचा पंखा अनेकदा बाहेर हवा टाकत नाही. जाळीतून गाळून तीच हवा खोलीत परत सोडतो. तळण, खमंग फोडणी, तव्यावर धूर काढणारं काहीही केलं की वास दोन दिवस पडद्यांत राहतो आणि धुराचा अलार्म वाजायला वेळ लागत नाही. उकडणं, शिजवणं, गरम करणं यासाठी मात्र ही जागा पुरते. ओव्हन असेल असं धरू नका. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं घरचं भांडं तिच्यावर तापणार नाही. ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं तेच चालतं.

भांड्यांबद्दलही तेच. चार ताटल्या, चार वाट्या, दोन पातेली, एक बोथट सुरी. पाचव्या माणसाची ताटली खाली काउंटरवरून मागून आणावी लागते. मीठ, तेल, साखर नसतंच. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. २३० व्होल्टची किटली किंवा बाटली गरम करायचं यंत्र नुसत्या ॲडाप्टरवर लावलं तर साधारण पाव ताकदीने चालतं, म्हणजे पाणी उकळेपर्यंत बाळ रडून झोपी जातं. आणि भांडी घासायला कुणी येत नाही. या हॉटेलांत खोलीची पूर्ण सफाई रोज होतेच असं नाही, कित्येक ठिकाणी काही दिवसांतून एकदा होते. डिशवॉशर तुम्हीच भरायचा.

किराणा हा डाउनटाउनचा खरा कच्चा दुवा. ऑफिसांच्या भागात सँडविचची दुकानं शंभर, भाजी आणि दूध मिळणारं एकही नाही, असं सर्रास असतं. नकाशावर हॉटेलपासून पहिल्या सुपरमार्केटपर्यंतचं पायी अंतर मोजा. पंधरा मिनिटांच्या वर असेल आणि गाडी नसेल तर किचन निम्मं वाया गेलं म्हणून समजा. घरपोच किराणा मागवता येतो, पण हॉटेल पिशव्या ताब्यात घेऊन फ्रिजमध्ये ठेवतं का, हे विचारून घ्या.

भाड्यापलीकडचे पैसे

१२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार हॉटेलांना सक्तीचे सगळे शुल्क पहिल्याच किमतीत दाखवावे लागतात. सरकारी कर त्यातून वगळता येतात, आणि न्यूयॉर्कमध्ये तो कर १४.७५ टक्के अधिक दर खोलीला रात्रीला ३.५० डॉलर इतका आहे. पार्किंग ऐच्छिक धरलं जातं, त्यामुळे तेही पहिल्या किमतीत नसतं. शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यभागी हॉटेलचं रात्रीचं पार्किंग ५० डॉलरच्या वर सहज जातं. आठवड्याचा हिशेब केला तर किचनमुळे वाचलेले पैसे गाडीने खाल्लेले असतात. भाड्याची मोठी गाडी असेल तर गॅरेजच्या छताची उंचीही विचारा, आणि गाडी दिवसातून दोनदा काढली तर पुन्हा पैसे लागतात का तेही.

तारखा हलवता येत असतील तर आणखी एक गोष्ट. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं शनिवार-रविवारी बहुधा स्वस्त होतात आणि मोठं अधिवेशन भरलं की कोणत्याही दिवशी अवाच्या सवा महाग. शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरचं कॅलेंडर ऑनलाइन उघडं असतं. पाच मिनिटांत कळतं.

एवढं सगळं बघून एक हॉटेल मनात भरलं की कंपनीच्या मध्यवर्ती नंबरवर नव्हे, थेट त्या हॉटेलात फोन करा, आणि तोही दुपारी, जेव्हा काउंटरवर गर्दी नसते. या खोलीत बेडरूमला बंद होणारं दार आहे का, स्नानगृहाला बाहेरच्या खोलीतून जाता येतं का, शेगडी बसवलेली आहे की मागावी लागते, आणि मुलं धरून किती माणसांना परवानगी आहे, एवढंच विचारा. तान्हं बाळ मोजलं जातं का हे ठिकाणाठिकाणी वेगळं असतं. पलीकडचा माणूस अडखळला तर त्या खोलीचा नकाशा ईमेलने मागवा. तोही मिळाला नाही तर रद्द करता येईल असाच दर घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी चालतील.