वीसची आणि पन्नासची नोट: बेळगावच्या गल्ल्यावरून परीक्षण

वीसच्या हिरवट पिवळ्या नोटेमागे वेरूळ, पन्नासच्या निळ्या नोटेमागे हंपीचा दगडी रथ. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यात दोन्ही एकमेकींवर पडतात. मागच्या बाजूला १५ भाषांचा पट्टा आहे. त्यात चौथी ओळ कन्नड, आठवी मराठी: 'ऐवत्तु रूपायिगळु' आणि 'पन्नास रुपये'. क्रम भाषांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी लावलेला, म्हणून मानापमानाला जागाच नाही. भाषेत या नोटांना पैकीच्या पैकी गुण.

नेत्यांना मात्र तेवढे देववत नाहीत. राष्ट्रगीत संस्कृतप्रचुर बंगालीत आहे; ५२ सेकंद सगळे ताठ उभे राहतात, भाषांतर कुणी मागत नाही. कर्नाटकाने २००४ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपापले राज्यगीत ठरवले, तेही रास्तच. पण गीतापुरता असलेला हा मोठेपणा कागदावर उतरत नाही. केरळमधल्या कासरगोडच्या कन्नड भाषकांसाठी बोलणारे बेंगळुरूचे नेते बेळगावात मराठी परिपत्रकाला नाही म्हणतात. अल्पसंख्य भाषेचे १५ टक्के भाषक असलेल्या भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ मध्येच ठरले होते. बेळगावात मराठी कागद मागणारे मुंबईचे नेतेही जत, अक्कलकोटच्या कन्नड गावांबद्दल तेवढ्या तळमळीने बोलत नाहीत. भाडेवाढीत मात्र दोन्ही सरकारांचे एकमत: जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकची बस १५ टक्क्यांनी महागली, तीन आठवड्यांच्या आत महाराष्ट्राची एसटी १४.९५ टक्क्यांनी.

खरेदीच्या ताकदीत नोट कमी पडते. ही पन्नासची नोट २०१७ ची. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले असे धरले, तर तेव्हाच्या ५० रुपयांच्या मालाला ८ वर्षांनी ७४ रुपये लागतात. तेव्हा डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२४ मध्ये ८५ च्या वर गेला. पाम आणि सूर्यफूल तेल बाहेरून येते, त्यामुळे रुपया घसरला की तेलाच्या डब्याला झळ बसते. घरात साठवलेल्या नोटांना व्याज नाही, म्हणून महिन्याच्या खर्चापलीकडची रोकड खात्यात टाकावी.

आणखी एक उणीव: स्पर्शाने ओळखायच्या उठावदार खुणा १०० पासून वरच्या नोटांवरच आहेत. वीसची १२९ बाय ६३ मिलिमीटर, पन्नासची १३५ बाय ६६. अंध माणसाने एवढ्या फरकावर नोट ओळखायची, हे बरोबर नाही.

आठवडी बाजारात ओल्या हातांनी नोटा फाटतात. तुकडे फेकू नका, स्टेपल मारू नका. सर्वांत मोठा सलग तुकडा मोजा. वीसच्या नोटेचा निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण ४१ चौरस सेंटिमीटर तुकडा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काहीच नाही. पन्नासला ८० टक्क्यांहून जास्त, सुमारे ७२ चौरस सेंटिमीटर असेल तर पूर्ण. ४० ते ८० टक्क्यांना निम्मे. बँकेच्या ज्या शाखेत नोट बदलायची, तिथे खाते असण्याची गरज नाही. जळून कोळसा झालेली नोट मात्र रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच न्यावी लागते.

आणि नोटेवर पेनाने घोषणा लिहू नका. राजकीय मजकूर असलेल्या नोटेवरचा दावा बँक फेटाळते, मग ती घोषणा मराठीत असो की कन्नडमध्ये.