करेक्टिव्ह एक्सरसाइजचे आठ महिने : व्हिडिओत गुडघा अजून वाकडाच

नागपुरात सीताबर्डीला आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चालली तर चालली. चढताना काही नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची आणि मी कठडा धरून आडवा-आडवा उतरायचो. वय ४६. एक्स-रे साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. कोणता, ते मीही विचारलं नाही. मग एका जिममध्ये पहिल्याच आठवड्यात खांद्यावर वजन घेऊन बैठका मारल्या नि गुडघा सुजवून घेतला. म्हणून दिवाळीनंतर धरमपेठेतल्या एका ट्रेनरकडे करेक्टिव्ह एक्सरसाइज, म्हणजे चुकीची हालचाल सुधारायचे व्यायाम, शिकायला गेलो, तेव्हा अर्धा विश्वास घरीच ठेवून गेलो होतो.

त्या पोराने पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. अनवाणी उभं केलं, हात डोक्यावर, आणि म्हणाला, "काका, आता खुर्चीवर बसल्यासारखं खाली जा." पाच वेळा समोरून, पाच वेळा बाजूने, मोबाइलवर शूटिंग. त्यात दिसलेला माणूस मी आहे हे मानायला वेळ लागला. तळवे आत कोसळलेले, उजवा गुडघा डाव्याला भेटायला निघालेला, हात पुढे पडलेले. मग भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितलं. डावं पाऊल भिंतीपासून १० सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकला. उजव्याला ६ च्या पुढे जमेना. हाच घोटा कॉलेजात क्रिकेट खेळताना मुरगळला होता. तेव्हा हळदीचा लेप लावला अन् विसरलो.

दुखतो गुडघा आणि हा पाहतो घोटा नि खुबा, याचं मला हसू आलं. पण त्याचं म्हणणं पटलं. घोटा पुढे वाकत नसला की पाऊल आत कोसळून जागा काढतं, त्यामागे गुडघा जातो. आणि मांडीला आत जाऊ न देणारा नितंबाच्या कडेचा स्नायू सुस्त असला तर तिला आवरणारं कोणी उरत नाही.

क्रम ठरलेला. आखडलेलं आधी मोकळं करायचं, मग ताणायचं, मग सुस्त पडलेल्याला जागं करायचं, शेवटी सगळ्यांना एकाच हालचालीत जुंपायचं. पोटरी नि मांडीची आतली बाजू फोम रोलरवर (फोमचा कडक, गोल लोड) घासायची, दुखरी जागा सापडली की ३० सेकंद तिथेच. ताणही ३० सेकंद. गुडघ्यांच्या वर रबरी बँड अडकवून आडवी पावलं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. १५-१५ वेळा, खाली येताना मनात चारपर्यंत मोजत. शेवटी पायरीवरून हळू उतरायचं, आरशात गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. कंटाळवाणं आहे, बावा. ना घाम ना जोश.

पहिला महिना फुकट गेला असंच वाटलं. रोलरवर लोळल्यावर हलकं वाटतं खरं, पण ते हलकेपण स्कूटर काढेपर्यंत टिकतं. माझ्या मते या पसाऱ्यात रोलर सगळ्यात कमी कामाचा. सध्या मुलगा त्याचा स्टम्प करतो. खरं काम केलं बँडने आणि पायरीने. जानेवारीच्या शेवटी एकदा खाली पार्किंगमध्ये पोचल्यावर लक्षात आलं की आपण कठडा धरलाच नव्हता. मार्च एंडला तीन आठवडे खाडा झाला, तर कळ परत डोकावली. नवतपात पहाटे साडेपाचला, कूलरसमोर चटई टाकून केलं, पण सोडलं नाही.

तक्रार एकच. फेब्रुवारीत ट्रेनरने माझी मान, खांदे, छाती सगळंच चूक ठरवलं. प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांडा (१९२८–२००२) यांनी छाती-मानेचे आखडलेले आणि त्यांच्या समोरचे सुस्त पडलेले स्नायू यांची एक फुली मांडली आहे. ती फुली माझ्या अंगावर आहे म्हणे. असेल. पण मान दुखतच नव्हती! त्यानंतर पंधरा दिवस मी तर्री-पोहे खातानासुद्धा खांदे मागे ओढून उभा राहायचो. दोन्ही बाजू मापून सारख्या असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि वाकडे असूनही काही न दुखणारे तर आमच्या ऑफिसातच डझनभर आहेत. मानेचे व्यायाम मी सोडून दिले.

जूनमध्ये पुन्हा व्हिडिओ काढला. ट्रेनर खूश, मी गोंधळलेला. घोटा ६ वरून ८ सेंटीमीटरवर आला, पण गुडघा अजून आत जातो, आधीपेक्षा थोडा कमी. आणि जिना तर मी सरळ उतरतो! म्हणजे चाल सुधारली म्हणून दुखणं गेलं, की पायात ताकद आली नि गुडघ्याला हळूहळू भार सोसायची सवय झाली म्हणून? मला दुसरं जास्त खरं वाटतं. तरी पैसे वाया गेले म्हणणार नाही. कुठून सुरू करायचं ते त्या पहिल्या दिवसानेच दाखवलं. ज्यांचा गुडघा सुजतो, अडकतो किंवा पायाला मुंग्या येतात, त्यांनी मात्र आधी डॉक्टर गाठावा.

आई बहात्तरची आहे. मे महिन्यात गच्चीवर कुरोड्या घालताना ती तासभर उकिडवी बसते, टाचा जमिनीला. दरवर्षी मला विचारते, "तुले काहून नाही जमत बे?" यंदा सोऱ्या तिच्या हातून घेतला आणि अर्धा पाटीभर चीक संपेपर्यंत तिच्या बाजूला उकिडवा बसलो. उजव्या टाचेखाली गोणपाटाची घडी होती, ती तिला दिसली नाही.