नमुना अस्सल, थान बनावट: मलमलीच्या नावाखाली झालेली फसवणूक

इंग्लंडमधल्या बाथ शहरात दर सप्टेंबरला कादंबरीकार जेन ऑस्टेनच्या नावाचा महोत्सव भरतो. साधारण 1800 ते 1820 या काळातले कपडे घालून शेकडो माणसं रस्त्यातून मिरवतात, आणि रात्री बॉल असतो, म्हणजे त्या काळच्या सामूहिक नाचांचा समारंभ. त्यासाठीचे गाऊन आमच्यापैकी बऱ्याच जणी स्वतः शिवतात. यंदा कापड मागवताना मी आणि आमच्या गटातल्या आणखी दोघी फसवल्या गेलो. आम्हाला फसवणारा विक्रेता दुकानाचं नाव बदलून अजून धंदा करतोय आणि परदेशातल्या मराठी बायकांना हेरतोय, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कापडाबद्दल. त्या काळच्या बॉलगाऊनची कंबर थेट छातीखाली असते, पाठीमागे दाट चुण्या, आणि तिथून खाली सरळ पडणारा घोळ. तो तसा पडायला तलम, मऊ सुती कापडच हवं. त्या वेळी उत्तम मलमल बंगालहून जायची. क्रॉम्प्टनच्या 1779च्या सूतकताई यंत्रानंतर ब्रिटिश गिरण्याही मलमल काढू लागल्या, पण भारतीय मलमलीचा तोरा गेला नव्हता. ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत बाथच्याच नाचाच्या वेळी हेन्री टिल्नी मोठ्या ऐटीत सांगतो की, बहिणीसाठी पाच शिलिंग वार दराने खरी भारतीय मलमल घेतली. आपल्याकडच्या विणकराच्या हातचं कापड त्याच शहरात नेसून नाचावं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

नेमकी हीच इच्छा तो विक्रेता विकतो. इन्स्टाग्रामवर त्याचं दुकान आहे: हातमागावर बसलेल्या वृद्ध विणकराचे फोटो, जामदानी (विणतानाच कापडात भरलेल्या) बुट्ट्या, ‘हाताने कातलेलं 300 काउंट सूत’, म्हणजे अतिशय बारीक सूत. बोलणं अस्खलित मराठीत. मी सोलापूरची म्हटल्यावर त्याचं आजोळही सोलापुरात निघालं. “ताई, दलालाला कशाला पैसे देता? थेट विणकराच्या घरी जाऊ देत की.” आमच्यातल्या दुसरीला त्याने आजोळ नाशिकचं सांगितलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्याने आधी नमुना पाठवला आणि तो अस्सल होता. तळहाताएवढा तुकडा, पण जाळून पाहिला तर कागदासारखा जळाला, राख मऊ आणि करडी. बुट्टी उलटीकडूनही स्वच्छ, कारण खऱ्या जामदानीत बुट्टीचा धागा हातानेच तिच्यापुरता मागेपुढे फिरवलेला असतो. असा तुकडा हातात आल्यावर कोण शंका घेईल? त्याचा सगळा डाव या तुकड्यावर उभा आहे.

मग पैशांची गोष्ट आली. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवा, विणकराला पूर्ण रक्कम मिळेल, असा आग्रह. या पर्यायाला खरेदीदाराचं संरक्षण लागू नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दुसरी युक्ती जास्त वाईट. ब्रिटनमध्ये 135 पौंडांवरच्या मालाला कस्टम ड्युटी लागू शकते, तेव्हा ‘तुमचे पैसे वाचावेत म्हणून’ त्याने पार्सलवर किंमत 30 पौंड लिहिली. तक्रार केल्यावर तोच कागद पुढे करून म्हणाला, “माल तीस पौंडांचाच होता ना, ताई?”

थान, म्हणजे मागवलेलं पूर्ण कापड, दिसायला नमुन्यासारखंच होतं. सुई लावल्यावर खरं कळलं. मलमलीचा काठ बोटांनी वळून हातशिलाई घातली की वळलेला राहतो. हा दर वेळी उसळून उलगडत होता. सुती कापडाच्या तापमानाची इस्त्री ठेवताच एक कोपरा आक्रसला. जाळल्यावर धागा वितळून काळा टणक मणी झाला: पॉलिस्टर. बुट्ट्यांच्या मागे धाग्यांची कापलेली टोकं, चिमटीने ओढली की निघून येणारी, म्हणजे यंत्रमागाचं काम. हातमागाच्या कापडाच्या काठाला ताणपट्टीच्या (विणताना कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या पट्टीच्या) टाचण्यांची बारीक भोकं बहुतेकदा दिसतात, तीही नव्हती. दुकानातल्या फोटोंत लेबल होतं ते सिल्क मार्कचं. सिल्क मार्क फक्त शुद्ध रेशमाला मिळतो. सुती मलमलीवर तो दिसला की तिथेच थांबायला हवं. हातमागासाठी वेगळा हँडलूम मार्क आहे.

पैसे गेल्याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या फोटोतल्या म्हाताऱ्या विणकराच्या नावाने हा धंदा चालतो याचा आहे. आमच्या गटातल्या इंग्रज बाईने मला सरळ सांगितलं की, यापुढे ती भारतातून हातमागाचं कापड मागवणार नाही. पश्चिम बंगालमध्ये आजही खरी तलम खादी मलमल विणणारी माणसं आहेत. त्यांचं हे गिऱ्हाईक या माणसाने तोडलं.

तक्रार केली की तो भांडत नाही, गोड बोलत दिवस ढकलतो: बदली थान निघालंय, विणकराकडे लग्न आहे, पुढच्या आठवड्यात नक्की. बँकेकडे किंवा पेपालकडे दाद मागायची मुदत तेवढ्यात सरते. आमच्यातल्या एकीचे पैसे परत मिळाले, कारण तिने क्रेडिट कार्डाने थेट भरले होते. ब्रिटनच्या 1974च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम 75 असं आहे की, 100 पौंडांहून महाग वस्तूबाबत कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. बँकेने तिच्याकडे ‘शंभर टक्के सुती’ असं लिहिलेला संवाद, मूळ नमुना आणि जळलेल्या धाग्यांचे फोटो मागितले.

म्हणून नमुना आला तर अर्धा जपून ठेवा. ज्या थानातून तो कापला त्याच थानाचा, कापलेल्या जागेसह व्हिडिओ मागा. खरा विक्रेता तो देतो. थान आल्यावर कात्री लावण्याआधी काठाचे चार धागे जाळून बघा, कारण कापलेलं कापड परत घेत नाही, हे त्याचं ठरलेलं शेवटचं उत्तर आहे. भारतातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याच्या पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका.