पेंट मारलेले पाटे न माझे साडेअठरा हजार

जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी, बनवून राहिले असाल तर हे वाचा, मी नागपुरातच फसलो.

गाडीत पलंग, ओटा, बॅटऱ्या न अगदी मागच्या टोकाला 120 लिटरची पाण्याची टाकी, सगळं घरीच बसवलं (आरटीओच्या मंजुरीची भानगड वेगळीच). डिसेंबरात चिखलदऱ्याला निघालो तर परतवाड्याच्या पुढे घाटात गाडी वळणावळणाला अशी डुले की कपाटातले डबे खाली, न हायवेवर बाजूने ट्रक गेला की स्टिअरिंग भलतीकडेच ओढे. मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे, सस्पेन्शन, म्हणजे गाडीखालचे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग (पाटे) न उड्या आवरणारे शॉकअप, आपणच करू म्हटलं, व्हिडिओ पाहून पाहून तेवढी हिंमत आली होती.

वाडीकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार एकदम गोड. "भाऊ, तुमचे पाटे बसले, दोन्हीकडे एकएक पाटा वाढवा न मागचे शॉकअप बदला, गाडी हलणार नाही. जॅक न पाने असले की झालं, मजुरी काऊन देता?" पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागून महाग पडेल. दुकानाच्या कार्डाच्या मागे 'सामान 18,500' लिहून दिलं, यूपीआयवर नाव भलत्याच कोणाचं आलं, तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, पण मजुरी वाचून राहिली या आनंदात होतो मी.

रविवार पूर्ण गेला फिटिंगमध्ये. चालवली तर पहिल्यापेक्षा बेकार. मागून उंच झाल्याने पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल, त्यानेच चाक सरळ राहते) कमी झाला न स्टिअरिंग अजूनच भटकायला लागलं, वरून खड्ड्यात गेली की मागचा भाग उड्या मारतच राहे. शॉकअप खोलून उभा धरून दाबला तर सुर्रकन आत, सायकलच्या पंपाला याच्यापेक्षा जास्त जोर लागते! चांगला शॉकअप दाबताना पण अडतो न ओढताना पण. पाट्याचा काळा पेंट स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर खाली गंजाचे खड्डे न टोकाशी घासून पडलेली खाच. कोणत्यातरी गाडीखाली वर्षानुवर्षं चाललेला माल, पेंट मारून नवा म्हणून खपवला.

परत घेऊन गेलो तर तोच गोड माणूस म्हणतो, "तुम्हीच लावलं, तुम्हीच खोललं, हे माझंच सामान कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मजुरी वाचवा म्हणून काऊन सांगत होता ते तेव्हा डोक्यात आलं. म्हणून घरी फिटिंग करायची असेल तर शॉकअप काउंटरवरच दाबून पाहा, पाटा त्याच्यासमोर खरवडा, फोटो काढा, पक्कं बिल नसेल तर उठून या.

न खरा राग तर पुढेच आहे. नंतर धरमकाट्यावर पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलली (50 रुपयात, हे पहिलेच करायला पाहिजे होतं). टाकी मागच्या एक्सलच्याही मागे होती, त्यामुळे मागच्या चाकांवर तिच्या वजनापेक्षा जास्त भार पडे न पुढचं उचलल्या जाई. टाकी दोन एक्सलच्या मध्ये घेतली, वाढवलेले पाटे काढले, जुनेच शॉकअप परत लावले, वजन पाहून टायरची हवा वाढवली, स्टॅबिलायझर बारचे (गाडीचं डुलणं आवरणारी सळई) फाटके रबरी बुश बदलले. गाडी सरळ चालून राहिली आता.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार टाकली आहे, यूपीआयचा स्क्रीनशॉट तेवढा हाती आहे. सामान गॅलरीत पडून आहे न बायको रोज विचारते, भंगारवाल्याला कधी देऊन राहिले म्हणून.