तोंड उघडेना म्हणून गेलो: दंत महाविद्यालयाच्या ओपीडीचा सात महिन्यांचा अनुभव

मी नागपुरात सावजी भोजनालय चालवतो. आमच्याकडे लोक ताटात हाडाचा तुकडा जास्त आला म्हणूनसुद्धा एक तारा देऊन जातात, तेव्हा दुसऱ्याच्या सेवेला तारे द्यायचा थोडा हक्क मलाही आहे. नागपूरजवळच्या एका दंत महाविद्यालयात सात महिने येरझारा घातल्या. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि मला अजून तिथेच जायचं आहे.

सुरुवात रश्श्यापासून झाली. सकाळी पातेलं उतरलं की थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाखायची माझी वीस वर्षांची सवय. मागच्या दिवाळीनंतर चाखला की गालात नुसती आग. वाटलं, यंदा भिवापुरी मिरची जहाल आली. बायको म्हणाली, "मिरची तीच आहे जी, तोंड बिघडलं तुमचं." मग पाणीपुरी अख्खी जाईना. जांभई अर्ध्यावर अडकायला लागली. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ओठापर्यंत येऊन थांबायची. आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला? सतराव्या वर्षापासून, दिवसाला चार-पाच पन्न्या. हे डॉक्टरला सांगताना मी दोन म्हणालो होतो.

केसपेपर काढला की ओरल मेडिसिन विभागात पाठवतात. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी हातमोज्याचं बोट गालाच्या आतून फिरवलं आणि माझंच बोट धरून मलाही तिथे फिरवायला लावलं. "काका, दोरीसारखं लागतं ना? हा पट्टा झालाय." आरशात दाखवलं तर गालाची आतली बाजू संगमरवरासारखी पांढुरकी. वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी उभी धरून मोजलं, २२ मिलिमीटर. धडधाकट माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात, माझी दीड जेमतेम. रोगाचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराखाली कडक धागे साठत जाणं.

सगळ्यात जास्त गुण मी देईन ते समजावून सांगण्याला. मी विचारलं, माझ्या मसाल्याने झालं का? त्या म्हणाल्या, एके काळी मिरचीवरही संशय घेतला जायचा. मिरचीने आग वाढते, पण खरी गुन्हेगार सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन नावाचं रसायन गालाच्या पेशींना कोलॅजन या प्रथिनाचे धागे जास्तीचे विणायला लावतं, तिच्यातल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात, आणि जुने धागे मोडून काढायचं शरीराचं रोजचं काम मंदावतं. आधी सूज, आग, बारीक फोड. मग कडकपणा. पाटवडीचं पीठ थापून गार झालं की पुन्हा पातळ होत नाही, तसं माझ्या डोक्यात बसलं.

मग मी तो हुशारीचा प्रश्न विचारला, जो तिथे प्रत्येक जण विचारत असावा: तंबाखू सोडून साधी सुपारी चालेल? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलेलं आहे. माझ्या डाव्या गालात एक पांढरा चट्टा होता, त्याचा कण काढून तपासायला दिला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत खर्रा सुटला, माझ्या निश्चयाचा त्यात काही भाग नाही. रिपोर्ट चांगला आला.

उपचार असे: गालात दोन्ही बाजूंना दर आठवड्याला इंजेक्शन, हायल्युरोनिडेज (आवळलेला भाग सैल करणारं) आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) मिसळून. दुखतं, खोटं बोलत नाही. लायकोपीनच्या, म्हणजे टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्याच्या गोळ्या, रक्त कमी निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या. आणि काड्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची, जमेल तेवढा वेळ, दिवसातून चार-पाचदा, आणि जमेल तसतशी एकेक काडी वाढवायची. मला आधी ही थट्टा वाटली. ऑनलाइन एक स्टीलचा स्क्रूवाला माउथ ओपनर मागवला, जोर जास्त लावला आणि पुढचा दात हलवून बसलो. तो आता मसाल्याच्या फडताळात पडून आहे. काड्या अकरापासून सुरू झाल्या, आज पंधरा जातात. पट्टीवर ३१. पूर्वीसारखं होणार नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पट्टे फारच आवळले तर शस्त्रक्रिया करून ते कापतात, पण त्यानंतरही काड्या सुटत नाहीत म्हणे.

आता तक्रारी. मोजमाप दर वेळी वेगळा विद्यार्थी घेतो. एकाच सकाळी मी २४, २६ आणि परत २४ झालो. आमच्याकडे तीन वाढप्यांनी तीन मापांनी भात वाढला तर गिऱ्हाईक बिल देणार नाही. व्यायामाचा कागद इंग्रजीत. माझ्या शेजारी गडचिरोलीहून आलेले एक आजोबा तो कागद उलटा धरून बसले होते, मी त्यांना काड्यांचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आपणच आणायचं, हे आधी कोणी सांगत नाही, खुर्चीत बसल्यावर कळतं. नऊला टोकन घेतलं तरी नंबर बारानंतर, म्हणजे माझी दुपारची पंगत बुडाली.

आणि फाटकासमोर पानठेला. २०१२ साली राज्यात गुटखा बंद झाला, पण खर्र्याला काय लागतं? सुपारी, तंबाखू, चुना आणि घोटायला पन्नी. इंजेक्शनने गाल बधिर झालेला असताना त्या घोटण्याचा आवाज ऐकू येतो. पहिले दोन महिने मी मागच्या गेटने जात होतो.

पाचपैकी साडेतीन तारे. समजावण्याला आणि खरं सांगण्याला पूर्ण, रांगेला अर्धा.

जाणाऱ्यांसाठी: गुरुवारी गर्दी कमी असते. जेवणाचा डबा सोबत न्या, इंजेक्शननंतर तासभर चावता येत नाही, पण नंतर भूक लागते. कँटीनमध्ये तर्री-पोहे चांगले मिळतात. तोंडाच्या आगीचे पेशंट जिथे येतात तिथे तर्री ठेवणाऱ्याचं मला मोठं कौतुक वाटतं. "बिना तर्रीचे द्या" म्हटलं तर वरून दही घालून देतो, पैसे जास्त घेत नाही.